संमतीपत्रात गुप्ततेचं वचन कितपत द्यावं?

संशोधनासाठी मुलाखत घेताना संमतीपत्रात ‘नाव गुप्त राहील’ एवढं लिहिलं की पुरे, असं काहींचं मत असतं; मला ते पटलं नाही. उत्तर आयर्लंडच्या संघर्षातल्या माजी लढवय्यांच्या मुलाखती बॉस्टन कॉलेजने 2001 पासून घेतल्या, तुमच्या हयातीत त्या उघड होणार नाहीत असं सांगून. 2011 मध्ये त्या मुलाखती ताब्यात द्या असं समन्स आलं आणि 2013 मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने 11 मुलाखतींपुरता आदेश कायम ठेवला. म्हणून ‘कायद्याच्या मर्यादेत’ हे शब्द हवेतच, आणि ते तोंडीही समजावून सांगा. सही हाच मुलाखत देणाऱ्याविरुद्ध पुरावा ठरू शकतो तिथे संमती तोंडीच घ्या. नावं आणि त्यांच्याऐवजी वापरलेले सांकेतिक क्रमांक जुळवणारी यादी देशाच्या सीमेपलीकडे नेऊच नका. नुसतं नाव बदलून भागत नाही. गाव, हुद्दा आणि तारीख एकत्र आली की माणूस ओळखू येतो.