अभिसरणामुळे अभिसरण?

खाजणकाठ :
भाचीच्या एका वाक्यात अडकलोय. ती पंपाशिवाय फिरणाऱ्या पाण्यावर संशोधन करते. बंद नळीत पाणी भरायचं, एका बाजूनं खाली तापवायचं, दुसरीकडे वर थंड करायचं, की ते आपोआप गोल फिरत राहतं. गच्चीवरच्या सौर बंबात हेच चालतं. आमच्या दापोलीच्या घरी बसवणाऱ्यानं टाकी पॅनेलच्या खाली ठेवली होती, तेव्हा पाणी जागचं हलेना. तिथून हे वेड तिच्या डोक्यात शिरलं. आता गुहागरकडच्या एका शाळेत तिला फलक लावायचाय. निसर्गातलं, शरीरातलं आणि यंत्रातलं सर्क्युलेशन असा विषय, आणि मराठी करायचं काम मामाच्या गळ्यात.
वाक्य साधं आहे : कन्व्हेक्शनमुळे (तापलेलं वर चढतं, थंड खाली उतरतं, त्यामुळे) सर्क्युलेशन, म्हणजे गोल फिरणं, सुरू होतं. मी कोश आणि पाठ्यपुस्तक दोन्ही प्रामाणिकपणे पाहून लिहिलं, ‘अभिसरणामुळे अभिसरण सुरू होते.’ भाची अजून हसतेय. शनिवारी छपाई. वाचवा.

पेन्शनीतला मास्तर :
उष्णता संक्रमणाचे तीन प्रकार : वहन, अभिसरण, प्रारण. एकतीस वर्षं हेच शिकवलं. तेव्हा कन्व्हेक्शन म्हणजे अभिसरण, विषय संपला. रक्ताचं ते ‘रक्ताभिसरण’, पूर्ण शब्द लिहायचा. दुसऱ्या ठिकाणी दुसरा शब्द शोधा.

शून्याकडे :
विषय संपला कसा, मास्तर? गणितात अभिसारी श्रेणी असते : पदं मिळवत जावं तशी बेरीज एका संख्येकडे सरकत जाते. हिंदीवाले तर कन्व्हर्जन्सला, म्हणजे एका ठिकाणी येऊन मिळण्यालाच, अभिसरण म्हणतात. अभि अधिक सृ, म्हणजे कुणाच्या तरी दिशेनं जाणं. अभिसारिका प्रियकराकडे निघते. ती चक्कर मारून घरी कधी परतते, याची काव्यशास्त्रानं नोंद घेतलेली नाही. गोल फिरणं या शब्दात मुळातच नाही.

खाजणकाठ :
मग कन्व्हेक्शनला हिंदीतला ‘संवहन’ उचलू का? अभिसरण सर्क्युलेशनला मोकळं राहील.

पोफळी :
वनस्पतिशास्त्रात आमच्या संवहनी ऊती आहेत, झाडात पाणी आणि अन्नरस नेणाऱ्या. तिथे हात लावू नका :)
मला कळत नाही, एवढं संस्कृतात कशाला शिरायचं. आमच्या आगरात ‘पाणी खेळवणं’ म्हणतात. हवा खेळती असते, भांडवल खेळतं असतं. ही सगळी सर्क्युलेशनच की. लहानपणी आमच्याकडे रहाट होता. बैल फिरतोय, माळेवरचे लोटे भरून वर येतायत, पन्हळीत ओततायत, पालथे होऊन परत खाली. पन्हळीतून पाटात, पाटातून पोफळीच्या आळ्यात. शिपणं चालू असताना काकू दारातून ओरडायची, “खालच्या अंगाला पाणी खेळत नाहीये रे!” मग एक जण फावड्यानं माती सारायचा. आता पीव्हीसी आहे. ६३ मिलिमीटरची मुख्य लाइन, तिच्यातून ५० च्या दोन फुटतात, आणि काकूची हाक तीच.

पेन्शनीतला मास्तर :
पाणी खेळवणं ठीक. मग रक्त काय खेळवणार? ‘रक्तखेळवण संस्था’? पेपरात विद्यार्थी काय लिहितील याची कल्पना करवत नाही.
शिवाय लोटे गोल फिरतात, पाणी नाही. ते आळ्यात जातं ते जातंच. रहाट हे सर्क्युलेशनचं उदाहरण होऊच शकत नाही.

पोफळी :
मास्तर, आमचं आगर पुळणीवर आहे. आळ्यात ओतलेल्यातलं थोडं झाड पितं, थोडं उन्हानं जातं, बाकीचं वाळूत मुरून हळूहळू त्याच विहिरीकडे येतं. परत येताना दिसत नाही एवढंच.

शून्याकडे :
“दिसत नाही एवढंच” वरून रक्ताभिसरण सिद्ध करणारा इंग्रज वैद्य हार्वे आठवला. १६२८ सालच्या पुस्तकात त्यानं हिशेब मांडला : अर्ध्या तासात हृदय जेवढं रक्त पुढे ढकलतं, तेवढं अख्ख्या शरीरात नसतंच. म्हणजे तेच परत येत असलं पाहिजे. पण रोहिणीतून नीलेत ते जातं कुठून, हे त्याला शेवटपर्यंत दिसलं नाही. तो १६५७ मध्ये गेला. १६६१ मध्ये इटलीच्या माल्पिघीला सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात रोहिणी आणि नीला जोडणाऱ्या केशवाहिन्या दिसल्या. तुमची पुळण म्हणजे त्या केशवाहिन्या. आणि गंमत म्हणजे हार्वेनंही दाखला पाण्याचाच दिला होता : ओल्या जमिनीची वाफ, वाफेचा पाऊस, परत जमीन.
दुसरं, तुमचा ६३ आणि ५० चा पाइप. १९२६ मध्ये मरे नावाच्या शरीरशास्त्रज्ञानं मांडलं की रक्तवाहिनीला फाटे फुटताना मूळ त्रिज्येचा घन हा फाट्यांच्या घनांच्या बेरजेइतका असेल तर शरीराला सगळ्यात स्वस्त पडतं. आता करा : ६३ चा घन २,५०,०४७. ५० चा घन १,२५,०००, दोन मिळून अडीच लाख! अर्थात हा योगायोग. पाइपची ही लहान मापं साधारण दहा पायऱ्यांत दहापट होतील अशा हिशेबातली आहेत, आणि ६३ हे बाहेरचं माप. शिवाय मरेचा नियम संथ वाहणाऱ्या द्रवाचा. तरी मी ताबडतोब वही काढली.

सुकती :
मालवणातून बोलतंय. एवढां शास्त्र म्हायत नाय. आमच्या बोटीचं इंजिन तापलं की मिस्त्री आधी बाजूला वाकून बघतो, भोकातून धार पडते की नाही. पडत नसली की पंपातलं रबराचं चक्र, इंपेलर, गेलं समजायचं. त्याची भाषा ऐका : “भायलां पाणी मारता, आतलां फिरता.” समुद्राचं पाणी पंपानं येतं, थंड करून बाहेर जातं, ते ‘मारता’. आतलं गोडं पाणी तेच तेच इंजिनात घुमतं, ते ‘फिरता’. दोन गोष्टी, दोन शब्द, दोन्ही मराठी. कोश उघडायक नको.

पेन्शनीतला मास्तर :
बोली गोड आहे, वाद नाही. पण परिभाषा अशी बनत नाही. ज्या रत्नागिरीत सावरकरांनी भाषाशुद्धीचा आग्रह धरला, त्या जिल्ह्यात फलकावर ‘सर्क्युलेशन’ लावायचं? ‘दिनांक’सुद्धा सुरुवातीला लोकांना विचित्रच वाटला असेल. आज रुळला.

सुकती :
रुळला फॉर्मवर. तोंडानं विचारताना तुम्हीही “आज तारीख काय?” असंच म्हणता, मास्तर.

पोफळी :
+१

खाजणकाठ :
मंडळी, शनिवार जवळ येतोय. फलकावर खारे आणि मतलई वारेही आहेत : दिवसा जमीन तापते, हवा वर चढते, समुद्राकडून वारा येतो, वरच्या थरातून हवा परत फिरते, रात्री सगळं उलट. तिथेही कन्व्हेक्शन आणि सर्क्युलेशन एकाच ओळीत.

शून्याकडे :
मतलई! हा शब्द आला कुठून? माझा आपला तर्क : गझलेचा मतला. अरबीत मतला म्हणजे उगवण्याची जागा. आपल्याकडे रात्रीचा वारा जमिनीवरून, म्हणजे पूर्वेकडून येतो. अरबी खलाशी, आपलं बंदर, झालं.

पेन्शनीतला मास्तर :
उच्चार जुळला की व्युत्पत्ती झाली, हे फार चालतं हल्ली. जुना दाखला आहे का?

शून्याकडे :
दाखला नाही, पण दिशा बरोबर आहे ना?

सुकती :
आमचे आजोबा पहाटे मतलईवर शीड उभारून बाहेर पडत. त्यांच्याकडून ‘खारा वारा’ मात्र मी कधी ऐकला नाही. दुपारचा तो नुसता ‘वारो’. खारे वारे शाळेत कळले.

पेन्शनीतला मास्तर :
म्हणजे शाळेचा उपयोग झाला म्हणायचा.

खाजणकाठ :
फलक गेला. भाचीनं कुणाचंच ऐकलं नाही. लिहिलं : ‘तापलेलं पाणी वर चढतं, थंड पाणी खाली उतरतं, आणि सगळं पाणी फिरू लागतं.’ अभिसरण एकदाच आलंय, रक्तापुढे.

पेन्शनीतला मास्तर :
ही परिभाषा नव्हे, वर्णन झालं. आणि मथळा?

खाजणकाठ :
मथळ्याचं विचारू नका.

पोफळी :
सुकती, आजोबा मतलई कुठल्या महिन्यांत धरत? आमच्याकडे थंडीतच म्हणतात. पावसाळ्यात हा शब्द कुणाच्या तोंडी येत नाही.

सुकती :
इचारून सांगतंय. काका अजून बंदरावर आसत.