शब्दचर्चा: उरलेली लोकर, कात्रण आणि दशी

डोंबिवलीहून:
आमच्या इमारतीतल्या सातजणी मिळून घराघरांत उरलेल्या लोकरीचे क्रोशाचे चौकोन करतोय. ते जोडून एक मोठं पांघरूण करायचं आहे. दोघी अगदी नवशिक्या आहेत, म्हणून त्यांच्यासाठी कृती मराठीत लिहायला घेतली आणि पहिल्याच ओळीला अडले. टोपडी, स्वेटर, तोरणं करून झाल्यावर पाच-दहा ग्रॅम लोकर उरते ना, तिला एका शब्दात काय म्हणायचं? कापड उरलं की चिंधी. लोकर उरली की काय? दुसरा प्रश्न: रंग बदलला की चौकोनाच्या मागे लोकरीची जी टोकं लोंबतात, त्यांना काय म्हणतात? व्हिडिओत सगळ्या 'टेल' म्हणतात. इंग्रजी शब्दाचं मला वावडं नाही, पण घरात शब्द असेल तर शेजारी मागायला कशाला जा!

पुण्याहून:
कात्रण म्हणा की ताई. वर्तमानपत्राचं कात्रण आपल्याला जास्त ओळखीचं, पण शिंप्याच्या मशीनखाली पडतं तेही कात्रणच.

मिरजेहून:
नाही पटलं. कात्रण व्हायला कात्री लागते. उरलेला गुंडा कुणी कापून उरवलेला नसतो, तो नुसता संपायचा राहिलेला असतो. चिंधीचंही तसंच. चिंधी फाटते, फाडता येते. लोकर फाडून दाखवा.

पुण्याहून:
मान्य, कात्रण मागे घेतो. पण जाता जाता त्याच्या मुळाशी असलेली एक गंमत सांगतो. संस्कृतात 'कर्तन' म्हणजे कापणं, आणि 'कर्तन' म्हणजे सूत काढणंही. 'कृत्' हा धातूच दोन प्रकारे चालतो. एकाचं रूप कृन्तति, म्हणजे कापतो. दुसऱ्याचं कृणत्ति, म्हणजे कातते. आपल्याकडे एकातून कातरणं आलं, दुसऱ्यातून कातणं. चरख्यावर धागा होतो ती क्रिया आणि कात्रीनं तो तुटतो ती क्रिया, दोन्ही शब्दांत फरक एका 'र'चा.

डोंबिवलीहून:
दादा, हे फारच छान! कृतीत घालता येणार नाही, पण आमच्या शनिवारच्या बैठकीत सांगणार.

वर्ध्याहून:
वर 'गुंडा' आलाय म्हणून. आमच्याकडे छोट्या गुंड्याला कुणी 'गुंडी' म्हणेल, तर जरा जपून. खादीवाल्यांची गुंडी म्हणजे मोजलेलं सूत असतं. चार फुटांची एक तार, आणि अशा ६४० तारांची एक गुंडी. सर्वोदयवाले १२ फेब्रुवारीला गांधीजींना सूतांजली म्हणून वाहतात ती हीच. तेव्हा उरल्यासुरल्याला गुंडी म्हटलंत तर जुनी कातणारी मंडळी हसतील. लोकर गोल गुंडाळलेली असेल तर गुंडा किंवा गोळा, लांब वळलेली असेल तर लड, आणि मांजरानं हात लावलेला असेल तर बोळा.

कोल्हापूरहून:
एवढी चर्चा कशाला म्हणते मी? उरलेली लोकर, संपलं! माझी सासू जुन्या लुगड्यांची वाकळ शिवायची, तुम्ही तिकडं गोधडी म्हणता. तिनं कधी चिंध्यांना वेगळं नाव ठेवलं नाही. गाठोडं होतं, त्यात सगळं जायचं. पांघरूणच करताय ना? मग तुमच्या चौकोनांच्या शालीलाही वाकळच म्हणा. माप मात्र सांगते, ते कुणी सांगत नाही. चार पदरी लोकरीचा हातभर सोडा, चार बोटांचा चौकोनही अंदाजानं करू नका. स्वयंपाकघरातला छोटा काटा घ्या. चार ओळींचा चौकोन आठ-दहा ग्रॅम खातो. काट्यावर कमी भरली की तो रंग मधल्या ओळींना लावा, शेवटच्या ओळीला नको. कडेची ओळ सगळ्यांत लांब, तिथंच लोकर संपते आणि मग रडारड.

मिरजेहून:
मावशी, 'पदरी' काय सुंदर आलं! दुकानात सगळे 'फोर प्लाय' म्हणतात. तीनपदरी हार, चारपदरी लोकर, साडीचा पदर. खर्च करायचा तोही पदरचा. आमच्या कृतींत आता 'प्लाय' बंद.

कोल्हापूरहून:
घ्या. पदरमोड करून लोकर आणायची आणि तिचे पदर मोजायचे.

न्यू जर्सीहून:
इथे बसून वाचतेय आणि हसतेय. मराठी शब्दांचा मला जो उपयोग झाला तो सांगते. इथली पुस्तकं ज्या टाक्याला 'डबल क्रोशे' म्हणतात, त्याला ब्रिटिश पुस्तकं 'ट्रेबल' म्हणतात. आणि ब्रिटिशांचा 'डबल' तो इथला 'सिंगल'. मी एकदा लंडनच्या मैत्रिणीनं पाठवलेल्या कृतीवरून बाळाची टोपी केली. ती टोपी बाळाच्या बाबाला झाली. तेव्हापासून कुठलीही कृती आली की आधी आईच्या भाषेत उतरवते: साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. तिथे गोंधळाला जागाच नाही. खांब म्हणजे सुईवर एक वेढा घेऊन उभा केलेला, आणि मुका म्हणजे वेढा न घेता बसवलेला बुटका. नावातच कृती आहे.

डोंबिवलीहून:
पण 'मुका' का? माझ्या भाचीनं विचारलं तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. तिला वाटलं पापीच.

न्यू जर्सीहून:
मला तो 'मुका मार'मधला मुका वाटतो. लागलेलं असतं पण वर दिसत नाही. हा खांबही असतो, पण खांबासारखा दिसत नाही. माझा आपला तर्क.

पुण्याहून:
तर्क चांगला आहे. आता माझं एक खुसपट. वर ताईंनी 'क्रोशाचे चौकोन' लिहिलंय, एका जुन्या पाटीवर मी 'क्रोश्याची सुई' पाहिलंय. घोडा-घोड्याची, तसं क्रोशा-क्रोश्याची का नाही?

मिरजेहून:
कारण 'श' 'य'ला गिळतो. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतच आहे: घसा-घशाला, ससा-सशाला. 'घश्याला' नाही. 'जा'चंही तेच, दरवाजा-दरवाजाला, मोजा-मोजाला. विणणाऱ्यांना मोजा लक्षात ठेवायला सोपा. त्या न्यायानं क्रोशाची सुई, क्रोशाचा रुमाल. मुळात हा फ्रेंच शब्द, अर्थ छोटा आकडा. म्हणजे खरं तर सुईचंच नाव क्रोशा. हिंदीत तो 'क्रोशिया' झाला, आपण त्याला काका-मामांच्या रांगेत आकारान्त करून बसवला.

पुण्याहून:
म्हणजे 'क्रोशाची सुई' हे 'लेडीज बाई'सारखं झालं!

मिरजेहून:
झालं खरं. पण 'गाईचं गोमूत्र' चालतं ना, तसं हेही चालेल.

साताऱ्याहून:
मी विणत नाही, घरातल्या विणतात. उशिरा वाचतोय. पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, पण दुसऱ्याला आहे. लोंबणाऱ्या टोकाला शेपूट कशाला म्हणायचं? ती दशी. कापडाच्या काठाचा सुटलेला धागा म्हणजे दशी. पदर जुना झाला की 'दशा निघाल्या' म्हणतो, तेच. आमच्या घरी बीजेची कोर दिसली की आजी नेसत्या लुगड्याची दशी काढून चंद्राला वाहायची. चंद्रानं वस्त्र द्यावं, म्हणून आपल्याकडून एक सूत! आम्ही पोरं तिच्या मागे उभे राहून शर्टाची शिवण उसवायचो आणि मग मार खायचो.

मिरजेहून:
काका, नमस्कार. हा खरा शब्द! आणि बघा, दशीचं अनेकवचन दशा, मिशी-मिशा तसं. इथंही 'श'नं 'य' गिळला.

पुण्याहून:
संस्कृतात तर मूळ शब्दच 'दशा'. अर्थ तीन: वस्त्राच्या काठाचे सुटे धागे, दिव्याची वात, आणि अवस्था. 'काय ही दशा' म्हणताना आपण तिसरी दशा म्हणत असतो.

कोल्हापूरहून:
माझ्या टोपलीतल्या गुंत्याला तिन्ही लागू पडतात. पण टोकाला शब्द मिळाला, त्याचं पुढं जे करायचं त्याला काय म्हणायचं? इंग्रजीत 'विव्ह इन' लिहितात. मी बोथट सुईत ओवून खांबांच्या पोटातनं तीन-चार बोटं नेते, परत एकदा उलट फिरवते, मग कापते. एकाच दिशेनं नेली तर दोन धुण्यांत बाहेर येते. आणि सुरुवातीची गाठ सुरगाठच हवी. निरगाठ मारली तर मधलं भोक ओढून बंद होत नाही.

डोंबिवलीहून:
मावशी, ह्याला 'लपवणे' लिहू का?

कोल्हापूरहून:
लपवलेलं सापडतं. आम्ही 'जिरवणे' म्हणतो. दशी जिरवायची.

साताऱ्याहून:
शेतात पाणी जिरवतात तसं. वा.

न्यू जर्सीहून:
माझी आई 'मुरवणे' म्हणायची, लोणच्यासारखं. पण जिरवणे जास्त बरं. मुरायला फार दिवस लागतात.

डोंबिवलीहून:
सगळ्यांचे आभार. कृती आज लिहून झाली. पहिल्या प्रश्नावर मावशींचंच ऐकलं, 'उरलेली लोकर' असं सरळ लिहिलं. 'प्लाय'च्या जागी पदर, 'टेल'च्या जागी दशी, आणि पांघरुणाचं नाव वाकळ. वाचून दाखवली तर एकीनं हिशोब केला: दर चौकोनात चार रंग, प्रत्येक रंगाच्या दोन दशा, म्हणजे चौकोनाला आठ. आजवर झालेत ३७ चौकोन. दशा २९६. शनिवारी सगळ्यांनी आपापली बोथट सुई घेऊन यायचं ठरलंय, चहा माझ्याकडे.

कोल्हापूरहून:
चहा आधी नको. हात चिकट झाले की दशी जिरत नाही.