हीट पंप गीझर: थंडीत तिसऱ्या माणसाला कोमट पाणी, आणि बिल वाढलेलं

गंगापूररोडकर

नाशिक. घरात माणसं सहा, त्यातला मी सर्वांत म्हातारा आणि आंघोळीला शेवटचा, म्हणून ही तक्रार माझी.

दोन वर्षांपूर्वी छतावरचं सोलर काढून २०० लिटरचा हीट पंप बसवला. मागच्या बाजूला धुणं धुतो तिथे उभा आहे. दोन हिवाळे उत्तम गेले. यंदा डिसेंबरपासून तिसऱ्या आंघोळीलाच पाणी कोमट. मुलाने मोड बदलून ‘हायब्रिड’ केला, तेव्हा जरा बरं झालं, पण एरवी २६० युनिटं येतात तिथे ४१० आली. तपासायला आलेला माणूस पाच मिनिटं उभा राहिला आणि म्हणाला, “गॅस संपलाय, साडेसहा हजार होतील.” मशिन उघडलंसुद्धा नाही. भरू का गॅस?

तांब्याचा_बंब

आमच्या बंबात चिपाडं, शेणी, नारळाच्या शेंड्या काय वाटेल ते चालतं. गॅस संपत नाही. फक्त डोळ्यांतून पाणी येतं, तेही गरम.

फ्रिजवाला_सांगलीकर

काका, थांबा, पैसे देऊ नका. फ्रिज-एसीच्या कामात माझी बावीस वर्षं गेली. उष्णता वाहून नेणारा हा गॅस ‘संपत’ नसतो. बंद नळीत तो फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय. आधी गळती शोधायची, बुजवायची आणि मगच भरायचा. जोडाजवळ तेलकट डाग दिसतो का बघा.

तुमचं बिलच बरंच काही सांगतंय. २०० लिटर पाणी १७ अंशांवरून ५५ वर न्यायला साधारण पावणेनऊ युनिटांची उष्णता लागते. कॉइलवाला गीझर तेवढी सगळी वीज खातो. हीट पंप उष्णता तयार करत नाही, हवेतली ओढून पाण्यात टाकतो, म्हणून त्याला तीनेक युनिटं पुरतात. तुमची महिन्याला दीडशे युनिटं वाढली, म्हणजे रोजची पाच. आत मदतीला एक साधा हीटर असतो, ‘हायब्रिड’मध्ये तोच राबतोय. बाहेरून काही कळत नाही, पाणी गरम येतं आणि बिल फुगत जातं.

आता एवढं करा. मोड परत साधा ठेवा, दहा मिनिटांनी पंख्यातून बाहेर येणाऱ्या हवेला हात लावा. गार लागली तर कॉम्प्रेसर काम करतोय. (बटण दाबल्यावर तो तीनेक मिनिटं सुरूच होत नाही, घाबरू नका.) मग जाळी काढून मागची कॉइल, म्हणजे हवेतली उष्णता ओढणाऱ्या नळ्यांचं वेटोळं, बघा. सुरुवातीच्या दोन-चार नळ्यांवरच बर्फ असेल तर गॅसचा संशय खरा. सगळी कॉइल सारखी पांढरी असेल तर हवेचा प्रश्न. आणि मला सांगा, यंदा मशिनच्या आजूबाजूला काय बदललंय?

कोथरूडची_मीनल

काका, एक फुकटातली तपासणी माझ्याकडूनही. टाकीत जाणाऱ्या गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा आणि गरम पाण्याचा नळ सोडा. थोड्या वेळात धार थांबायला हवी. वाहतच राहिली तर न्हाणीघरातल्या कुठल्यातरी मिक्सरमधून (गार-गरम पाणी एकत्र करणारा नळ) गार पाणी गरम लाइनीत घुसतंय. आमच्याकडे हँडशॉवरचं बटण तोंडाशी बंद करून मिक्सरचे दोन्ही नळ उघडेच ठेवायची सवय होती, त्यातून हे झालं. गीझरला मात्र चार महिने शिव्या खाव्या लागल्या.

गंगापूररोडकर

सांगलीकर, तुम्ही विचारलंत आणि ट्यूब पेटली. पावसाळ्यात धुणं भिजतं म्हणून सप्टेंबरमध्ये तिथे तिन्ही बाजूंनी पॉलिकार्बोनेटचे पत्रे लावून घेतले. मीच उभा राहून लावून घेतले, कुणाला सांगू!

आज सकाळी सहाला थर्मामीटर घेऊन बसलो. अंगणात १२, पत्र्यांच्या आत ५. मशिन स्वतःचीच गार हवा पुन्हा ओढत होतं. कॉइल वरपासून खालपर्यंत पांढरीफेक. बायको सुरी घेऊन खरवडायला निघाली होती, वेळेवर अडवलं. समोरचे दोन पत्रे काढले, बर्फ आपोआप वितळू दिला.

मीनलताई, तुमचंही खरं निघालं. व्हॉल्व्ह बंद केला तरी धार चालूच. वरच्या मजल्यावरचा हँडशॉवर. नातीला समज दिली आहे. प्लंबर “उद्या येतो” म्हणालाय, तेव्हा उद्या येणार नाही.

फ्रिजवाला_सांगलीकर

सुरीचं वाचून अंगावर काटा आला. नळीला भोक पडलं असतं तर गॅसवाल्याचे साडेसहा हजार खरे झाले असते.

आता टायमरही बदला. पहाटे चारला लावला असेल तर दुपारी बाराला लावा. दुपारच्या हवेत जे काम साडेतीन तासांत होईल त्याला पहाटेच्या गारठ्यात पाच-सहा तास जातील. टाकीला फोम असतो, सकाळपर्यंत पाणी चार-पाच अंशच उतरेल. मशिनची गाळणी महिन्यातून एकदा धुवा. बोअरचं पाणी वापरत असाल तर आतला मॅग्नेशियमचा रॉडही उघडून बघायला सांगा. तो टाकीऐवजी स्वतः झिजतो, संपला की मग टाकीची पाळी.

गंगापूररोडकर

टायमर पहाटे चारलाच होता. बदलला. शेवटची शंका: खालच्या बारीक पाइपातून पाणी ठिबकतं. दिवसाला अर्धी बादली. गळती का?

फ्रिजवाला_सांगलीकर

नाही. ती हवेतली ओल, एसीच्या पाण्यासारखी. पावसाळ्यात जास्त येईल. कुंड्यांना घाला. इन्व्हर्टरच्या बॅटरीत मात्र नको, कॉइलवरची धूळ त्यात उतरलेली असते.