'भावनिक जागरूकता' आणि 'आरोग्य साक्षरता': पर्याय सुचवा

अर्धविराम: मधुमेह, संधिवात, दमा असे वर्षानुवर्षं सोबत राहणारे आजार असलेल्यांसाठी एक पुस्तिका मराठीत आणतेय. मसुदा एका निवृत्त मुख्याध्यापिकांना वाचायला दिला. त्यांना स्वतःला संधिवात आहे. 'आपली आरोग्य साक्षरता वाढवा' याच्या शेजारी त्यांनी लाल शाईने लिहिलं, "मी निरक्षर वाटले का?" आणि 'आपल्या भावनांबाबत आपण किती जागरूक आहात?' यापुढे, "झोप नीट लागते." हे गमतीने की खरंच, ते विचारायची हिंमत झाली नाही. दोन्हींना बरे शब्द हवेत.

खडूफळा: बाई चिडल्या ते योग्यच. रिपोर्टवरचं 'एचबीए१सी ८.२' सगळ्यांना वाचता येतं. तो आकडा आज सकाळच्या साखरेचा नाही, साधारण गेल्या तीन महिन्यांच्या सरासरीचा आहे, हे कळणं महत्त्वाचं. आमच्या काकांनी तपासणीच्या आधी चार दिवस कडक पथ्य पाळलं आणि तरी आकडा हलेना म्हणून लॅबवाल्याशी भांडण काढलं. काका पदवीधर आहेत. 'आरोग्यभान' कसं वाटतं?

नाठाळ: 'भान' कवितांनी झिजवलाय. आणि 'आरोग्य' म्हणजे मुळात अ-रोग. ज्याचा रोग जायचाच नाही त्याला कसलं आरोग्यभान देताय? सरळ 'आजाराची समज' म्हणा की. आणि ते 'जागरुकता' तर काढाच, सरकारी पोस्टर वाटतं.

खडूफळा: व्युत्पत्तीवरच जायचं तर तेल फक्त तिळाचंच म्हणावं लागेल. आरोग्य म्हणजे नुसता रोगाचा अभाव नव्हे, हे जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ पासून लिहून ठेवलंय.

नाठाळ: त्याच व्याख्येत शारीरिक, मानसिक, सामाजिक असं 'संपूर्ण' स्वास्थ्य मागितलंय. म्हणजे आम्ही दमेकरी कायमचे नापास.

तगर: मूळ प्रश्नाकडे येऊ का? आपण भावनेचं नाव घेत नाही, जिवाचं घेतो. जीव घाबरा होतो, जीव कासावीस होतो, एखादी गोष्ट जिवावर येते. यात मन कुठलं आणि शरीर कुठलं? मी इन्सुलिनवर आहे. घाबरं घाबरं होणं, हात कापणं, घाम, उगीच चिडचिड हे सगळं साखर ७०च्या खाली गेली की होतं, आणि नुसत्या काळजीनेही होतं. एकदा घरचे "टेन्शन घेऊ नकोस" म्हणत समजूत काढत होते, मी वैतागून मशीन काढलं तर ५८! उलटही झालंय, साखर १४० असताना गोड खाऊन बसले. हल्ली आधी बोट टोचते, मग भावना शोधते. पुस्तिकेत विचारा, 'घाबरं होतं तेव्हा ते कशाने होतंय हे तुम्हाला ओळखता येतं का?' मुख्याध्यापिका बाई याचं उत्तर नक्की देतील.

नाडीवाला: तगरताईंना दुजोरा. (डॉक्टर आहे, इथे सल्ला देत नाही.) बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर साखर उतरल्यावरची धडधड आणि कापरं झाकलं जातं, घाम मात्र सहसा येतो. तेव्हा जीव घाबरा झाला नाही म्हणून निर्धास्त राहू नये. भावना ओळखता-सांगता न येण्याला 'अलेक्झिथायमिया' म्हणतात. पीटर सिफ्निओस यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रीकवरून घडवलेला शब्द, अर्थ साधारण 'भावनेला शब्द नसणं'. पण "जीव कासावीस होतो" म्हणणाऱ्या पेशंटकडे शब्द नाही असं मी तरी म्हणणार नाही. आमच्या फॉर्मवर त्याला चौकट नसते, इतकंच.

अजून एक. रोजचं टोचणं, मोजणं, पथ्य यांचा जो उबग येतो त्याला 'डायबेटिस डिस्ट्रेस' म्हणतात आणि तो डिप्रेशनपासून वेगळा धरतात. मराठीत दोन्हींना 'डिप्रेशन आलंय' म्हणून मोकळे होतात.

तगर: उबग! अगदी हाच शब्द.

अर्धविराम: 'उबग' उचलला. 'क्रॉनिक'ला काय लिहू? मी 'दीर्घकालीन' लिहिलंय.

नाठाळ: दीर्घकालीन कर्जालाही शेवटचा हप्ता असतो. 'जन्माचा आजार' लिहा.

खडूफळा: जन्मजात समजतील. 'चिरकालीन'.

नाठाळ: 'चिरकालीन' हे प्रेम असतं.

पोथीनिष्ठ: अवांतर: 'आजार' फारसीतून आला. तिथे आज़ार म्हणजे त्रास, दुखावणं. दिल-आज़ार म्हणजे मन दुखावणारा. म्हणजे मन त्या शब्दात आधीपासून होतंच, फारकत आपण केली. 'बेजार'ही त्याच घरातला असावा.

खडूफळा: आजाराला 'बे' लावला तर अर्थ 'आजाराविना' व्हायला हवा. बेजार माणूस तसा दिसतो का?

पोथीनिष्ठ: मग आजारी माणूस बेजार का असतो?

खडूफळा: त्याला व्युत्पत्तीची गरज नाही. बाकी, नाठाळ, तुम्ही वर 'जागरुकता' लिहिलंत. रू दीर्घ आहे.

नाठाळ: शब्द काढायलाच सांगतोय, त्याचं शुद्धलेखन कशाला?