दिल्लीत एक दिवस, आईसोबत, मेट्रोने: मदत हवी आहे

मंडळी, पुढच्या महिन्यात आईला घेऊन दिल्लीला जातेय. मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी राजधानी, सकाळी नवी दिल्ली. फिरायला मंगळवारचा पूर्ण दिवस आहे (सोमवारी लाल किल्ला बंद, म्हणून मुद्दाम मंगळवार). टॅक्सी करायची नाहीये.

बेत असा: आधी लाल किल्ला, तिथून व्हायोलेट लाइनने थेट जेएलएन (जवाहरलाल नेहरू) स्टेडियम स्टेशन, तिथून हुमायूनची कबर, आणि शेवटी यलो लाइनने कुतुबमिनार. जामा मशीद पायऱ्यांमुळे वगळली.

कारण आईचे गुडघे. दादरचा पूलसुद्धा ती कठडा घट्ट धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरते. मेट्रोत लिफ्ट आहेत, पण स्टेशनबाहेर पडल्यावर काय? कुतुबमिनार स्टेशनपासून मिनार चांगलाच लांब आहे. तिथे शेअर रिक्षा मिळते का, की बस बरी? हुमायूनच्या कबरीच्या चौथऱ्याचा जिना उभा आहे. आई वर न येता खालच्या बागेत बसली तर तिला इमारत नीट दिसेल ना?

तिला खरी ओढ कुतुबमिनारची आहे, अगदी लहानपणापासून. पाय थकायच्या आत सकाळी तोच आधी करावा का? ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी कृपया सांगा.