फिल्मचा 'वेग' आणि शटरचा 'वेग': दोन्हीकडे एकच शब्द चालेल का?

अनवट
फिल्म कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेचं भाषांतर करते आहे आणि एका वाक्यापाशी गाडी अडली आहे. मी लिहिलं होतं: 'कडक उन्हात कमी वेगाची फिल्म घ्या; ४००ची घातली असेल तर शटरचा वेग वाढवा.' तपासणाऱ्यांनी समासात शेरा मारला, 'आधी वेग कमी म्हणता, लगेच वाढवा म्हणता. नक्की काय करायचं?' शेरा रास्त आहे. दोन्हीकडे 'स्पीड'च आहे म्हणून मी 'वेग' ठेवला, पण फोटो निघताना फिल्म जागच्या जागी असते. तिला वेग कसला? फिल्मसाठी वेगळा शब्द सुचवा.

नीरक्षीर
'संवेदनक्षमता'. १०० आयएसओच्या (आयएसओ म्हणजे फिल्मच्या संवेदनक्षमतेचं माप) फिल्मला जेवढा प्रकाश लागतो त्याचा चौथा हिस्सा ४००च्या फिल्मला पुरतो, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. आणि शटरलाही 'वेग' नको, 'उघडकाल' म्हणा. तबकडीवर १२५, २५०, ५०० असं लिहिलेलं असतं ते सेकंदाचे भाग असतात. मोजतोय काळ आणि म्हणतोय वेग, हे बरोबर नाही.

जुना_रोलवाला
अहो, संवेदनक्षमता कोण म्हणतं? आम्ही 'शंभरचा रोल', 'चारशेचा रोल' म्हणायचो, फार तर 'फास्ट' आणि 'स्लो'. काकांनी शिकवलेला हिशोब अजून तोंडपाठ आहे: स्वच्छ ऊन आणि सावलीची कड ठसठशीत असेल तर लेन्सचं छिद्र १६वर (आकडा मोठा तेवढं छिद्र लहान), शटर रोलच्या आकड्याला जवळचं. शंभरला १२५, चारशेला ५००. सावलीची कड पुसट झाली की छिद्र ११, सावली जेमतेम दिसत असेल तर ८, दिसेनाशीच झाली की ५.६. प्रकाश मोजायचा मीटर नसला तरी अडायचं नाही. या सगळ्यात 'वेग' हा शब्द एकदाही लागत नाही, बघा.

कोशवेडा
'तेज' का नको? धातू 'तिज्', म्हणजे धार लावणे. तीक्ष्ण, तिग्म ही त्याचीच भावंडं. घोडा तेज असतो, बुद्धी तेज असते, शिवाय तेज म्हणजे प्रकाश. चपळाई आणि उजेड दोन्ही एका शब्दात! तेज फिल्म, मंद फिल्म.

नीरक्षीर
@कोशवेडा, तिथेच घोटाळा आहे. 'तेज फिल्म' वाचून माणूस समजेल की ही लख्ख उन्हासाठीची. प्रत्यक्षात ती अंधूक उजेडासाठी.

पडद्यामागे
'शटरचा वेग' तर शब्दशःही चुकीचा आहे. बऱ्याच फिल्म एसएलआरमध्ये (लेन्समधूनच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांत) फिल्मच्या पुढ्यात दोन पडदे असतात. पहिला सरकतो आणि फिल्म उघडी करतो, मागून दुसरा येतो आणि झाकतो. १/५०० वरून १/१००० वर गेलात म्हणून पडदे जोरात पळत नाहीत, त्यांची चाल तीच राहते. दुसरा पडदा लवकर निघतो आणि दोघांमधली फट निम्मी होते, बस. म्हणूनच असे कॅमेरे फ्लॅशबरोबर १/६० किंवा १/१२५ च्या पुढे नेले की चित्राचा एक पट्टा काळा येतो: फ्लॅश उडतो त्या क्षणी पूर्ण चौकट उघडी नसते, नुसती फट असते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की 'वेग' म्हणवत नाही.

जुना_रोलवाला
सूर्य उगवत नाही हेही ठाऊक आहे, तरी 'सूर्योदय' म्हणतोच ना? शब्द रुळला की आतली यंत्रणा कशी चालते हे विचारायचं नसतं. 'उघडकाल वाढवा' म्हटलं तर लोक नेमकं उलटं करतील. इतकी वर्षं आकडा वाढवणं म्हणजे स्पीड वाढवणं हे हातात बसलंय.

त्रिज्या
तिसरा 'फास्ट' विसरू नका. मोठ्या छिद्राच्या लेन्सलाही फास्ट म्हणतात. आणि फिल्मच्या डब्यावरचं १००/२१° आठवतं का? पहिला आकडा एएसए या जुन्या अमेरिकी पद्धतीचा, दुसरा डिन या जर्मन पद्धतीचा. पहिला दुप्पट होतो तेव्हा दुसरा फक्त ३ ने वाढतो: २००/२४°, ४००/२७°. अंशात बोललो असतो तर वेगाचा वाद कदाचित निघालाच नसता.

अनवट
सगळ्यांचे आभार, पण माझं वाक्य अजून तिथेच आहे. मंद फिल्म का घ्यायची हे वाचकाला कळायला हवं. हा कॅमेरा १/५०० पर्यंतच जातो. उन्हात ४०० घातली की छिद्र १६वर अडकतं. मागचं दृश्य धूसर करायला ४ वर यायचं म्हटलं तरी येता येत नाही. आता असं लिहिते: 'कडक उन्हात १००ची किंवा त्याहून मंद फिल्म घ्या. ४००ची असेल तर छिद्र १६वर ठेवून शटर १/५०० वर न्या.'

कोशवेडा
'मंद' वाचून फोटो फिके येतील असं वाटेल. 'संथ' करा.

नीरक्षीर
संथ म्हणजे पुन्हा वेगच आला की!

पडद्यामागे
त्याआधी 'शटर' बघा. 'झडप' का नाही?

कोशवेडा
झडप खिडकीला असते. तुम्हीच वर दोन पडदे सांगितलेत.

पडद्यामागे
ते एका प्रकारात. लेन्समध्येच शटर असतं तिथे पडदे नसतात, पाती मधून उघडतात आणि मिटतात. त्याला पडदा कसं म्हणणार?