दोष, बिघाड की खोट?

चैत्रपालवी
आयटीआयच्या मुलांसाठी एका लेखाचा अनुवाद करते आहे. विषय आहे अ‍ॅक्टिव्ह मॅग्नेटिक बेअरिंग (फिरता शाफ्ट, म्हणजे यंत्राचा दांडा, चुंबकांनी तरंगत धरणारा आधार) वापरून फिरत्या यंत्रातले फॉल्ट ओळखणे. मी सगळीकडे 'बिघाड' लिहिलं, तपासणाऱ्या सरांनी सगळीकडे 'दोष' केलं. त्यांचं म्हणणं, शाफ्टला बारीक तडा गेलाय पण यंत्र चालू आहे, मग बिघाड झाला कुठे? मला वाटतं, 'शाफ्टमधला दोष' वाचून मुलं समजतील की माल मुळातच खराब आला. तुम्ही काय वापराल?

टर्बाइनवाला
सरांशी सहमत. साखर कारखान्यात टर्बाइनवर नोकरी झाली माझी. आमच्याकडे बिघाड म्हणजे मशीन उभं राहिलं. त्याआधी 'बेअरिंग वाजतंय', 'गरम होतंय', 'शाफ्ट आउट आहे' असं जे कळेल ते सांगायचे. जुने फिटर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हाउसिंगवर टेकवून मूठ कानाला लावायचे आणि कुठलं बेअरिंग खराब होत चाललंय ते अचूक सांगायचे.

शब्दवेडा
बेअरिंग का म्हणता? विश्वकोशात 'धारवा' आहे. धारण करतो तो धारवा, किती नेमका शब्द! आणि 'दोष' आला दुष् धातूवरून, त्याचाही अर्थ बिघडणंच. 'बिघडणे' विघट् वरून, म्हणजे घडलेलं सुटत जाणं. तडा गेला तिथे हे सुटत जाणं सुरू झालंच की. 'बिघाड'च ठेवा.

उद्यमनगरी
व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरत नाही. आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरात कुणाही कारागिराला विचारा, 'धारवा' कळणार नाही. ज्या मुलांसाठी लेख आहे ती उद्या तिथेच कामाला लागणार. 'फॉल्ट'साठी मी 'खोट' म्हणेन. नाण्यातली खोट बाहेरून दिसत नाही, पारखावी लागते. तड्याचंही तेच.

शब्दवेडा
कारागिराला कळत नाही कारण त्याला कुणी शिकवलं नाही. 'महापौर' हा शब्दही एकेकाळी नवाच होता.

फ्योर्डकाठ
नॉर्वेतून लिहितोय. इथे ऑसगार्ड वायुक्षेत्रात २०१५ पासून समुद्रतळावर, सुमारे ३०० मीटर खोल, कॉम्प्रेसर चालतात आणि त्यांना लेखातल्यासारखीच मॅग्नेटिक बेअरिंगं आहेत. तिथे कान लावायला फिटर कसा जाणार? शाफ्ट विद्युतचुंबकांच्या ओढीत तरंगतो, तेल नाही, स्पर्श नाही. शाफ्ट किती सरकला हे सेन्सर सेकंदाला हजारो वेळा मोजतात आणि त्याप्रमाणे कंट्रोलर चुंबकांचा प्रवाह कमीजास्त करतो. म्हणून तो प्रवाह वाचला की शाफ्टवर किती जोर येतोय ते कळतं. आणखी एक सोय आहे. चालू यंत्रात याच चुंबकांनी शाफ्टला ठरावीक वारंवारतेचा हलकासा धक्का देता येतो. तडा असेल तर तो दर फेऱ्याला उघडतो-मिटतो, शाफ्टचा ताठपणा बदलत राहतो, आणि धक्क्याची व फेऱ्यांची वारंवारता मिसळून कंपनात नव्याच वारंवारता उमटतात. धडधाकट शाफ्टमध्ये त्या जवळजवळ नसतात. एक धोकाही आहे. कंट्रोलर शाफ्टला मध्यावर ठेवायला झटत असतो, त्यामुळे दोष झाकलाही जातो. नुसतं कंपन पाहून भागत नाही, प्रवाहही पाहावा लागतो.
आता शब्दाचं. तडा हा दोष, त्याने वाढलेलं कंपन हे लक्षण, यंत्र थांबणं हा बिघाड. या तिन्ही गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत तर लेखाचा मुद्दाच हरवेल, कारण सगळा खटाटोप पहिली ओळखून तिसरी टाळण्याचा आहे.

चैत्रपालवी
हे फार उपयोगी. पण मग 'अ‍ॅक्टिव्ह'ला 'सक्रिय' चालेल?

शब्दवेडा
'सक्रिय' कार्यकर्ते असतात. मी 'जागता धारवा' म्हणेन.

टर्बाइनवाला
'जागता' छान आहे, पण परीक्षेत 'सक्रिय'च येईल.

फ्योर्डकाठ
'जागता'त तथ्य आहे. केवळ स्थिर कायमचुंबकांवर वस्तू स्थिरपणे तरंगत ठेवता येत नाही, हे इंग्रज गणिती अर्नशॉने १८४२ मध्येच सिद्ध केलं. म्हणून सतत मोजून सावरणारं काहीतरी हवं. 'जागता' त्या अर्थाच्या जवळ जातो. परदेशात हा शब्दांचा घोळ आधीच मिटवलाय. अशा बेअरिंगच्या यंत्रांसाठी आयएसओ १४८३९ हे मानक आहे आणि २००२ मध्ये आलेला त्याचा पहिला भाग निव्वळ संज्ञांचा आहे.

उद्यमनगरी
मग मराठीतही आधी संज्ञा ठरवा, लेख नंतर. पण ठरवताना वर्कशॉपमधली दोन माणसं घ्या. नाहीतर पुन्हा 'धारवा' होईल.

शब्दवेडा
'धारवा'त वाईट काय, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

चैत्रपालवी
'दोष' की 'खोट', एवढं कुणी सांगेल का? उद्या मजकूर द्यायचा आहे.

टर्बाइनवाला
एक शंका. वीज गेली तर तरंगता शाफ्ट पडेल ना? खाली काय असतं?

फ्योर्डकाठ
साधी राखीव बॉल बेअरिंगं. शाफ्ट आणि त्यांच्यात चुंबकांपेक्षा कमी फट ठेवतात, म्हणजे शाफ्ट चुंबकांवर न आदळता त्यांच्यावर उतरतो. इकडे त्यांना 'कॅचर'ही म्हणतात.

उद्यमनगरी
'झेल बेअरिंग'!

शब्दवेडा
'झेलधारवा'.